विमान उतरते आहे की उडते आहे?



विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय असावे, नाटक असावे, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे. फोटोतले विमान उतरते आहे की उडते आहे, हा विषय इथे कसा शिरला? याचे उत्तर आपल्या माळ्यावरच्या पेट्यांमध्ये आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. तोवर जुन्या मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चाले आणि मध्य भारताचा ग्वाल्हेर-इंदूरहून. फायलींबरोबर माणसे आली, आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ होती. त्याच सुमाराला पिपलानी-गोविंदपुऱ्याच्या माळावर हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना ब्रिटिश कंपनीच्या साहाय्याने उभा राहू लागला आणि अभियंत्यांची घरे वसली. या घरांतली तिसरी-चौथी पिढी आता आजोबांचे अल्बम काढून त्यांतले फोटो संगणकावर चढवते आहे. फोटो चढवताना संगणक नाव विचारतो: या फोटोला काय म्हणायचे? विमानाचा फोटो समोर आला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो 'प्रयाण', दुसरा म्हणतो 'आगमन'. अशा चार-पाच वादांत मला साक्षीला बोलावण्यात आले, म्हणून आज मी इथे उभा आहे.

पहिली गोष्ट नाकाची. कुठल्याही विमानतळावर दोन पाट्या असतात. निघण्याच्या पाटीवर नाक वर केलेले विमान, येण्याच्या पाटीवर नाक खाली घातलेले. मोबाइलवरच्या चित्रलिपीतही हीच जोडी आहे. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या मनात पक्के बसले आहे की नाक वर म्हणजे उड्डाण, नाक खाली म्हणजे उतरणे. पाटीपुरते ते ठीक. फोटोत मात्र हा नियम दगा देतो, कारण उतरणाऱ्या प्रवासी विमानाचे नाकही बहुधा वरच असते.

असे का, ते समजायला अवघड नाही. विमानाला हवेत धरून ठेवतो तो पंख, आणि पंखाची धरण्याची ताकद दोन गोष्टींवर असते: वेग किती आणि पंख हवेला किती तिरका. उतरताना वेग कमी करावा लागतो. वेग घटला की ती कसर पंख थोडा जास्त तिरका करून भरून काढायची, म्हणजेच नाक जरा वर धरायचे. शिवाय जमिनीला आधी मागची मोठी चाके टेकली पाहिजेत; पुढचे चाक बिचारे नाजूक, त्याच्यावर सगळा भार आदळून चालत नाही. म्हणून विमान खाली येत असते, पण नाक वर ठेवून. मनुआभानच्या टेकडीवरून पायी उतरणारा माणूस मागे झुकून उतरतो ना, तसेच. त्याच्या शरीराचा कल एका दिशेला, वाट दुसऱ्या दिशेला.

फरक आहे तो किती वर यात. उतरताना नाक दोन-चार अंश वर असते. उड्डाणानंतर चढणारे जेट पंधरा अंशांच्या आसपास नाक उचलते. तेव्हा फोटोत क्षितिज दिसत असेल आणि विमान त्याच्याशी चांगलाच कोन करून चढत असेल, तर ते उडते आहे असे म्हणायला हरकत नाही. पण नाक जेमतेम वर असेल तर त्यावरून काहीच ठरवू नये. काही लहान जातीची विमाने तर नाक किंचित खाली धरूनही उतरतात. त्यात फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तिरका धरला असेल, तर नाकाची साक्ष पार निकामी.

मग पाहायचे काय? पंखाची मागची कड.

तुम्ही विमानात पंखाशेजारच्या खिडकीत बसला असाल तर पाहिले असेल: उतरायची वेळ झाली की घरघर आवाज होतो आणि पंखाच्या मागच्या कडेतून पत्रे सरकून बाहेर येतात, खाली वाकतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. फ्लॅप बाहेर आले की पंख रुंद होतो, अधिक वाकतो, कमी वेगातही भार पेलतो आणि वर हवेला अडवूनही धरतो. उडतानाही फ्लॅप लागतात, पण थोडे, कारण तेव्हा भार पेलायचा असला तरी वेगाला अडवायचे नसते. आपल्याकडे पुष्कळ चालणाऱ्या बोइंग ७३७ चेच घ्या. उड्डाणाला फ्लॅपचा खटका बहुतेक वेळा पाचावर असतो, उतरताना तीस किंवा चाळीसवर. फोटोत हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. उडणाऱ्या विमानाचा पंख मागून सपाट, नीटनेटका वाटतो. उतरणाऱ्याचा पंख मागून सैल सुटल्यासारखा, तुकड्या-तुकड्यांनी लोंबलेला.

हे शिकायला विमानतळावर जायला नको. संध्याकाळी इथल्या शाहपुरा तलावाच्या काठावर उभे राहा आणि बगळा पाहा. पाण्याकडे उतरताना तो पंख पसरून वाटीसारखे वाकवतो, शेपटी फाकवतो, पाय पुढे काढतो; सगळे शरीर हवा अडवायला लावतो. उडताना तोच बगळा पाय मागे टाकतो, मान आखडून घेतो आणि स्वतःला जमेल तितके आटोपशीर करतो. विमानाचेही असेच आहे. येणाऱ्याला वेग टाकायचा असतो, जाणाऱ्याला कमवायचा असतो, आणि दोघांच्याही अंगावर ते दिसते.

चाकांची साक्ष चांगली आहे, पण ती ऐकताना जमिनीकडेही पाहावे लागते. उडणारे विमान जमीन सुटली आणि चढ सुरू झाला की काही सेकंदांत चाके पोटात घेते. उतरणारे विमान चाके बरीच आधी, धावपट्टी अजून आठ-दहा किलोमीटर लांब असताना काढते. म्हणून चाके अर्धवट दुमडलेली आहेत आणि खाली जमीन, झाडे, कुंपण अगदी जवळ दिसते आहे, असा फोटो उड्डाणाचा. चाके पूर्ण बाहेर, ताठ, आणि विमान घरांच्या वर अजून पुष्कळ उंच, असा फोटो उतरण्याचा. चाके बाहेर आणि जमीन दोन हातांवर असेल तर मात्र चाके मुकी. तेव्हा परत फ्लॅपकडे वळायचे.

धावपट्टीवर टेकलेल्या विमानाच्या फोटोत आणखी खुणा मिळतात. मागची चाके जमिनीवर, नाक हवेत, ही मुद्रा दोन्ही वेळी हुबेहूब सारखी असते. पण उतरताना स्थिर चाके एकदम जमिनीला घासून फिरू लागतात आणि टायरचा निळसर-पांढरा धूर उडतो. उडताना चाके आधीच फिरत असतात, धूर नसतो. टेकल्यावर पंखाच्या पाठीवरच्या फळ्या ताठ उभ्या राहतात, पंखाची उचल मोडायला. इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकून फट पडलेली दिसली, तर वैमानिक इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग मारतो आहे. यातले काहीही दिसले की वाद मिटला. दिव्यांवरून मात्र काही कळत नाही, ते दोन्ही वेळी लागलेले असतात.

आता जागेकडे येऊ. मला स्वतःला ही साक्ष सगळ्यांत आवडते, कारण तिला यंत्राची माहिती लागत नाही, गावाची लागते.

आपल्या राजा भोज विमानतळाची धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे आहे आणि शहर विमानतळाच्या आग्नेयेला पसरले आहे. म्हणजे शहरावरून खालून जाणारे विमान बैरागढच्या दिशेने तोंड करून असेल तर ते उतरायला चालले आहे, बैरागढकडे पाठ असेल तर नुकतेच उडाले आहे. उंचीही बोलते. उतरण्याची वाट साधारण तीन अंशांच्या उताराची असते, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला पन्नासेक मीटर. विमानतळापासून दहा किलोमीटरवर उतरणारे विमान जमिनीपासून सुमारे पाचशे मीटरवर असते. उडालेले विमान तेवढ्याच अंतरावर त्याच्या दुप्पट किंवा जास्त उंच गेलेले असते. तेव्हा गच्चीवरून काढलेल्या फोटोत विमान मोठे, चाकांसकट स्पष्ट आले असेल, तर ते बहुधा येणारे.

मुंबईतही हेच. तिथली मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वारा वर्षातला बराच काळ समुद्राकडून असतो. विमाने वाऱ्याला सामोरी जातात. म्हणून ती सहसा घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने येऊन उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर उडतात. कुर्ल्याच्या चाळींवरचे विमान आणि जुहूच्या वाळूवरचे विमान यांत फोटो न पाहताही पैज लावता येते. वारा फिरला की क्रम उलटतो, म्हणून पैज मोठी लावू नये.

वाऱ्यावरून आठवले. एका घरी एका हुशार मुलाने फोटोत वाऱ्याची पिशवी शोधली आणि 'विमान वाऱ्याविरुद्ध आहे, म्हणजे उडते आहे' असा निकाल दिला. शोध उत्तम, निकाल अपुरा. विमान वाऱ्याविरुद्ध उडतेही आणि वाऱ्याविरुद्ध उतरतेही. पिशवीवरून धावपट्टीचे कोणते टोक वापरात आहे ते कळते, आणि फोटोत विमान त्या टोकाला आहे की दुसऱ्या, हे कळले तरच पुढचे कळते. उतरणारे विमान धावपट्टीच्या सुरुवातीच्या भागात टेकते. तिथे हजारो टायरांच्या रबराने डांबर काळे पडलेले असते. उडणारे जमीन सोडते ते बरेच पुढे जाऊन.

आणि स्कॅन करणाऱ्यांनो, एक सांभाळा: निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर डावे-उजवे बदलते, पश्चिमेची पूर्व होते आणि हा सगळा दिशांचा हिशेब पालथा पडतो. विमानाच्या अंगावरची अक्षरे वाचून पाहावीत. भारतीय विमानाच्या नोंदणीची सुरुवात 'व्हीटी' या अक्षरांनी होते. ती आरशातल्यासारखी दिसली तर चित्र पालटून घ्यावे.

जुन्या, म्हणजे खरोखर जुन्या फोटोंचे शास्त्र निराळे. भोपाळच्या आकाशाचा प्रवासी विमानांशी संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला पहिली टपाल आणली, जुहूच्या मैदानावर. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याच कंपनीने १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली, आणि ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी थांबत जाई. होळकरांचे गाव, नबाबांचे गाव, शिंद्यांचे गाव. तिन्ही संस्थाने एका दोऱ्यात. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचा प्रवास याच तीन गावांमधून झालेला आहे, फक्त तो रेल्वेने झाला.

त्या काळच्या विमानांना शेपटीखाली लहान चाक असे. जमिनीवर उभे असताना नाक आभाळाकडे आणि शेपूट मातीत. म्हणून अशा विमानाचे नाक वर दिसले तर ते नुसते उभेही असेल! उडताना धावता-धावता आधी शेपूट उचलली जाई आणि विमान दोन चाकांवर आडवे धावे. उतरताना कसबी वैमानिक तिन्ही चाके एकदम टेकवी. पण काही वेळा तो दोन चाकांवर आडवाही उतरे, त्यामुळे आडवे विमान पाहून लगेच 'उड्डाण' म्हणता येत नाही. टाटांनी त्या पहिल्या फेरीला वापरलेल्या पुस मॉथ विमानात मोठी गंमत होती: त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची सपाट आवरणे नव्वद अंशांत फिरवून हवेला आडवी धरता येत, आणि तेच वेग मारायचे साधन. कच्च्या मैदानावरच्या फोटोत सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे धूळ. उडताना इंजिन पूर्ण जोरात असते आणि पंखा मागे धुळीचा लोट फेकतो. उतरताना इंजिन मंद, धूळ फक्त चाकांपाशी. पहिल्या पिढीच्या जेट विमानांच्या बाबतीत धुळीची जागा काळ्या धुराने घेतली. पूर्ण ताकदीवर त्यांतली बरीच इंजिने आगगाडीला लाजवील असा धूर सोडत.

इतक्या खुणा सांगितल्यावर कबूल केले पाहिजे की काही फोटोंना हा प्रश्न विचारताच येत नाही. शिकाऊ वैमानिक धावपट्टीला चाके टेकवून न थांबता पुन्हा उडतो. चाके टेकल्याच्या क्षणीचा फोटो उतरण्याचाही आणि उडण्याचाही. कधी प्रवासी विमान उतरता-उतरता, धावपट्टीवर अडथळा आहे म्हणून, पुन्हा वर निघते. तेव्हा इंजिन उडणाऱ्याचे असते आणि फ्लॅप काही काळ उतरणाऱ्याचे. क्षण थिजवला की त्याला आधीही नसते आणि नंतरही नसते.

आपल्याकडे ही अडचण विमानांच्याही आधीची आहे. तुकोबांच्या वैकुंठगमनाचे कॅलेंडरवरचे चित्र आठवा. गरुडाचे विमान, खाली हात उंचावलेले देहूकर. चित्रात ते विमान वर चालले आहे हे आपण कशावरून म्हणतो? रेघांत तसे काहीच नाही. तुकोबा आत बसलेले आहेत आणि गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, एवढ्यावरून. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटात ते विमान सरकताना दिसते, तिथे शंकेला जागा नाही. हलत्या चित्राला दिशा असते, स्थिर चित्राला ती आपण देतो. केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे १९०१ मध्ये मुंबईला परत आले, तेव्हा सावेदादा भाटवडेकरांनी कॅमेरा नेऊन तो सोहळा टिपला. आपल्या देशातल्या पहिल्या काही वार्तापटांपैकी तो एक. माणसे त्याला परांजप्यांचे आगमन म्हणून ओळखतात. त्यातली एकच चौकट कापून हातात दिली असती, तर बंदरावरची गर्दी निरोपाची की स्वागताची, हे कोणी सांगितले असते?

आता ज्या घरच्या वादामुळे मला हे सगळे सुचले, त्या घराकडे येतो. नाव सांगत नाही. मंडळी याच शहरातली आहेत.

फोटो १९६१ चा, सांताक्रूझचा. एअर इंडियाचे बोइंग ७०७ धावपट्टीच्या थोडे वर. घरातले दादा, म्हणजे आजच्या नातवंडांचे आजोबा, कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. पंजाब मेलने सगळे मुंबईला पोहोचवायला गेले. गिरगावातल्या एका नातेवाइकांकडे दोन डोळ्यांचा रोलीकॉर्ड कॅमेरा होता, फोटो त्यांनी काढलेला. मागे आजींच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिले आहे: 'यांचे विलायतेस प्रयाण.' साठ वर्षे तो फोटो त्या घरात प्रयाणाचा म्हणून राहिला. विमानाचे नाक जरा वर होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

नातू अभियंता आहे. त्याने फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅप पूर्ण खाली. धूर नाही. चाके ताठ. विमान धावपट्टीच्या सुरुवातीला. त्याने सरळ निकाल दिला की विमान उतरते आहे, आजींची ओळ चुकली आहे, हा परतीचा फोटो असणार, आणि संगणकात 'आजोबांचे आगमन, १९६३' असे नाव टाकले. आत्याने ऐकून दोन दिवस त्याच्याशी बोलणे टाकले. 'आईने लिहिलेले खोडणारा तू कोण?' असा तिचा मुद्दा होता, आणि मुद्दा नुसता रागाचा नव्हता. जिने नवऱ्याला पोचवले, तिला पोचवल्याचा दिवस आठवणार नाही?

विमानापुरते नातवाचे बरोबर होते. पण त्याने एका प्रश्नाचे उत्तर दोन प्रश्नांना लावले. विमान उतरते आहे की उडते आहे, हा एक प्रश्न. माणूस येतो आहे की जातो आहे, हा दुसरा. लंडनला नेणारे विमान सांताक्रूझला आभाळातून प्रकट होत नाही. ते आधी कुठूनतरी येऊन उतरते, मग माणसे भरून निघते. निरोपाला गेलेली माणसे तासन्‌तास आधी जाऊन गॅलरीत उभी असत. समोर उतरले ते विमान पाहून कोणीतरी म्हटले असेल, 'हेच का हो यांचे?' आणि कॅमेऱ्याचे बटण दाबले गेले असेल. तसे असेल, तर फोटो उतरण्याचा, आणि दिवस प्रयाणाचा.

'असेल' वर वाद मिटत नाहीत. मी त्यांना निगेटिव्ह विचारल्या. सुदैवाने त्या घरात काहीच टाकून देत नाहीत. स्टुडिओचे पिवळे पडलेले पाकीट देवघराच्या खालच्या खणात निघाले. बारा फोटोंचा रोल, तीन-तीनच्या पट्ट्या कापलेल्या. निगेटिव्हच्या काठावर आकडे छापलेले असतात, ते कापले तरी जात नाहीत. विमानाचा फोटो चौथा निघाला. पाचव्यात दादा हार घालून उभे, सुटाची घडी कोरी, हातातल्या बॅगेला कंपनीची चिठ्ठी बांधलेली. सहाव्यात आजी त्यांच्या तळहातावर दही घालते आहे. चमचाही दिसतो. दही येणाऱ्याला कोणी घालत नाही. येणाऱ्याला भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पायावर पाणी घालतात. हाराचे काही सांगता आले नसते, हार आपण दोन्ही वेळी घालतो. नवव्यात गॅलरीच्या कठड्यावरून सगळे रुमाल हलवताहेत आणि विमान चौकटीत नाहीच, कारण कॅमेरा माणसांकडे वळलेला आहे.

म्हणजे नातवाचे विमान उतरले आणि आजीचे प्रयाण राहिले. संगणकात आता दोन्ही ओळी आहेत: वर आजीची, जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत, खाली नातवाची, कंसात, फ्लॅपच्या कारणासकट. आत्या बोलू लागली आहे.

मागच्या बाजूला लिहिलेल्या ओळींबद्दल थोडे सांगतो, कारण स्कॅन करताना पाठ कोणी घेत नाही. त्या ओळी पुराव्यासारख्या वाचाव्यात, पण मराठी पुराव्यासारख्या. आपल्यात जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अशाच एका फोटोच्या मागे मी 'येतो म्हणाले तो दिवस' असे वाचले, आणि घरातल्या धाकट्या, हिंदी माध्यमात शिकलेल्या पिढीने त्याचे नाव बिनदिक्कत 'आगमन' ठेवले होते. तिथे फ्लॅप पाहायचीही गरज नव्हती. तारीख तिथीने लिहिलेली असेल तर पंचांग काढून इंग्रजी तारीख शेजारी लिहा. मूळ तिथी मात्र ठेवा. 'यांचे', 'ह्यांचे', 'अण्णांचे' अशी सर्वनामे आणि टोपणनावे असतील तर लिहिणारी कोण होती ते आधी ठरवा. एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन 'अण्णा' असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काम करणाऱ्यांसाठी क्रम एवढाच. आधी फोटोची पाठ स्कॅन करा, मग तोंड. अल्बमचे पान फोडण्याआधी सबंध पानाचा फोटो घ्या, कारण शेजारी कोणता फोटो चिकटवला होता हीही साक्ष आहे. निगेटिव्ह सापडल्या तर पट्ट्या एकमेकींत मिसळू देऊ नका, काठावरचे आकडे दिसतील अशा पूर्ण रुंदीने त्या घ्या, आणि स्टुडिओचे पाकीट फेकू नका. त्याच्यावर पुष्कळदा पावती क्रमांक आणि तारीख असते. दिवाळीच्या सफाईत सर्वांत आधी कचऱ्यात जातात त्या निगेटिव्हच. छापील फोटो आहे ना, मग ही काळी पट्टी कशाला, असे म्हणून. ज्यांच्याकडे अजून शिल्लक असतील त्यांनी त्या घेऊन यावे. प्रकाशाची पेटी माझ्याकडे आहे, भिंगही आहे, आणि रविवारी सकाळी मी घरीच असतो.